शेपटीवाल्या साहेबांची तक्रार

साहेब येणार म्हणून दादांनी रविवार असूनही सायकल-दुकानाचं शटर अर्धं वर केलं. पूर्ण उघडलं असतं तर गिऱ्हाईक आत शिरलं असतं, आणि बंदच ठेवलं असतं तर साहेबांना मागच्या बोळातून मोडक्या सायकलींचा ढीग ओलांडत आणावं लागलं असतं. अर्ध्या शटरखालून यायचं म्हणजे कमरेत वाकावं लागतं, हे दादांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या आलं. तिने आपली खुर्ची उचलली आणि जिथून शटर नीट दिसेल तिथे नेऊन ठेवली.

या बहिणीला सगळं शहरच आत्या म्हणत असे, जे वयाने तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. तिचं नवं पुस्तक नुकतंच आलं होतं आणि त्यातली 'शेपटीवाले साहेब' ही गोष्ट दुकानातल्या पंक्चरच्या सॉल्यूशनच्या वासासारखी घराघरांत शिरली होती. गोष्टीतल्या पोलीस साहेबांना प्रत्येक खोट्या रिपोर्टामागे बोटभर शेपूट फुटतं. आधी ते पँटीत मावतं. मग शिंप्याला विश्वासात घ्यावं लागतं, मग जीपला मागून भोक पाडावं लागतं, आणि बढतीच्या समारंभात तर मंत्री त्याला माइक समजून हातात धरतात आणि भाषण करतात. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. मध्येच एक-दोन पानं मात्र अशी होती की तिथे हसू थांबायचं. त्या पानांत सायकली दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याला चौकीत आणतात, आणि पुढे तो कुठेच दिसत नाही.

पुस्तकात नाव नव्हतं, गाव नव्हतं, साल नव्हतं. पहिल्याच पानावर सर्व पात्रं काल्पनिक असल्याचं ठळक छापलेलं. तरीही शहरातल्या एका निवृत्त पोलीस साहेबांच्या घरून वकिलाला फोन आला. कोर्टकचेरी नको, साहेब स्वतः येऊन बोलतील, घरातल्या घरात मिटवू.

वकील म्हणजे दादांचा मुलगा. सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी त्याचं नाव वर गेलं होतं, आणि ते ज्या टेबलावर जाऊन पडलं होतं ते टेबल साहेबांच्या जावयाचं होतं. म्हणून त्याने सकाळीच माफीचा मसुदा तयार केला होता. लेखिकेला खेद आहे, गोष्ट पुढच्या आवृत्तीतून वगळण्यात येईल, वगैरे. आत्याने तो वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं आणि सहीची जागा कोरी ठेवली.

दादांना नुसतं बसून भांडता येत नसे. त्यांनी एक चाक फोर्कमध्ये अडकवलं आणि त्याचं आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला घेतलं. या दुकानात त्यासाठी यंत्र कधीच नव्हतं, वडिलांपासूनची एकच रीत. चाक फिरवायचं आणि रिमच्या अगदी जवळ, पण न टेकवता, खडू धरायचा. हात हलू द्यायचा नाही. रिम जिथे वाकडी असेल ती आपण होऊन येऊन खडूला घासते आणि स्वतःच्या वाकडेपणावर स्वतःच खूण करून जाते. मग त्या खुणेपाशी तार आवळायची.

आत्याच्या थापांचं शिक्षण याच खडूवर झालं होतं. लहानपणी कोणीतरी दुकानाची काच फोडली आणि तिन्ही भावंडं तोंड शिवून उभी राहिली, तेव्हा तिनेच वडिलांना सांगितलं होतं की दादाने हातोड्याने फोडली. दादा उसळून म्हणाले, हातोड्याने नाही, पान्याने. वडील तेव्हा इतके हसले की मारायचं विसरले, आणि तेव्हापासून अशा थापेला घरात 'खडू धरणं' हा शब्दच होऊन बसला. दादांची थाप दुरुस्त करायची खोड मात्र गेली नाही. पंपाने हवा भरताना मांजर फुगून छताला टेकलं होतं, असं आत्याने कुणाला सांगितलं की दादा अजूनही मान वर न करता म्हणतात, छताला नाही, पंख्यापर्यंतच गेलं होतं.

आज मात्र दादांच्या तोंडात गंमत नव्हती. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय, असं ते चाकाला विचारत होते. आत्या म्हणाली की चाकाचं झालंय, रोज होतं. वकिलाने समजुतीच्या सुरात कायदा सांगितला. संपाच्या सालात पोलिसांनी केलेल्या सगळ्या गोष्टींना सरकारने माफी देऊन टाकली आहे, कोणावर खटला चालू शकत नाही, मग गोष्ट लिहून साधतं काय. उलट अब्रुनुकसानीचा दावा झाला तर तो मात्र चालेल. आत्याने विचारलं की ज्यांच्या पाठीमागे शेपूटच नाही त्यांची अब्रू शेपटीने कशी काय जाते. वकील याच प्रश्नाचं उत्तर सकाळपासून शोधत होता.

तिघांचंही बोलणं ऐकत मधली वहिनी पाठीमागच्या स्टोव्हवर चहा करत होती.

तिचा नवरा, या भावंडांतला मधला, संपाच्या साली याच दुकानातून नाहीसा झाला होता. हँडलच्या नळीत पत्रकं गुंडाळून घालायची, वर ग्रिप चढवायची आणि सायकल दुरुस्त झाली म्हणून परत द्यायची, ही त्याची युक्ती. एका दुपारी वहिनी खाली आली तेव्हा दुकान उघडं होतं, फिरतं चाक अजून थांबायचं होतं, त्याच्या चपला बाकाखाली होत्या आणि तो नव्हता. पुढे चौकशी आयोग बसला. साहेबांनी शपथेवर सांगितलं की असा कोणी इसम आमच्या चौकीची पायरी चढलेला नाही. आयोगाने लिहिलं, फरार. चपला टाकून कसा पळाला, असं वहिनीने विचारलं तेव्हा आयोगाने आणखी एक शब्द वाढवला, घाईघाईने.

तेवढंच असतं तर दादांनी भावाचा फोटो भिंतीवर लावला असता. पण तो गेल्यावर आठवड्याभरात पत्रकं वाटणारे सगळे पकडले गेले. समोरचा पुस्तकं बांधणारा बाइंडरही त्यात होता आणि तो सुटून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. नावं कोणी दिली? जो सापडला नाही त्याने. कोणी तोंडावर बोललं नाही. मात्र बाइंडरची सायकल पंक्चर झाली की तो ती ढकलत याच दुकानासमोरून दोन गल्ल्या पलीकडे नेत असे, आणि दादा ते दर वेळी पाहत असत. म्हणूनच त्यांना गोष्ट नको होती. गोष्ट आली की मधला आला, आणि मधला आला की ती नावं आली.

चहाचे कप ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "ती गोष्ट काढूनच टाका, वन्सं."

आत्याला हे अनपेक्षित होतं. आतापर्यंत सामना दोघांविरुद्ध दोघी असा आहे, हे तिने गृहीत धरलं होतं. वहिनी काही वेळ कपांचे कान एका दिशेला करत राहिली. शेपटीचं तिला काही नव्हतं, पण गोष्टीतल्या कारागिराच्या पायात चांगले चामड्याचे बूट होते, आणि साहेब शेवटी ते काढून स्वतःच्या पायात घालतात, असं लिहिलं होतं. तिच्या माणसाने जन्मात बूट घातले नाहीत. तुम्हाला तर ठाऊक होतं, ती म्हणाली, चपला तुम्हीच माझ्याबरोबर उचलल्यात. माणूस नाही तर निदान त्याचे पाय तरी खरे राहू द्यायचे होते.

आत्या गप्प बसली. ती गप्प बसल्याची घटना घराण्यात इतकी दुर्मीळ होती की दादांनी चाक थांबवून तिच्याकडे पाहिलं. वकिलाने संधी साधून मसुदा पुढे सरकवला. तेवढ्यात शटरखाली आधी काठी दिसली, मग चकाकते बूट, आणि मग साहेब वाकून आत आले.

वयाने त्यांचं सगळं बारीक केलं होतं, फक्त पाठ तेवढी जुन्या मापाची राहिली होती. त्यांनी प्रत्येकाला नमस्कार केला, वहिनीलाही, आणि ती कोण हे विचारलं नाही. चहा नको म्हणाले. नोकरीत कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, आता सवय मोडवत नाही. काखेतलं पुस्तक त्यांनी बाकावर ठेवलं. पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पट्टी लावून, सरळ.

साहेबांना ही माणसं मनापासून बरी वाटली. कष्टाची, स्वच्छ दुकान, हत्यारं जागच्या जागी टांगलेली. त्यांना भांडायचं नव्हतंच. त्यांनी सांगितलं की गोष्ट त्यांच्या नातीने त्यांना वाचून दाखवली आणि मंत्री शेपटीत भाषण करतात तिथे ते स्वतःही हसले. नातवंडं फूटपट्टी घेऊन मागे फिरतात, चालायचंच. लोक आपल्याला ओळखतात याचंही त्यांना काही नव्हतं. मोठ्या पदावर राहिलेल्या माणसाने एवढं सोसायला हवं. वकिलाने लगेच मान डोलावली आणि मसुदा साहेबांच्या बाजूला वळवला.

"हे राहू द्या," साहेब म्हणाले. "गोष्ट वगळायची गरज नाही. मला एकच दुरुस्ती हवीय. हे बूट."

त्यांनी ते पान उघडलं. खुणा दाट होत्या त्या याच पानावर. उभ्या नोकरीत मी कोणाची काडी घेतली नाही, ते म्हणाले. लोक हप्ते घेत, दागिने घेत, जप्तीतली घड्याळं घालून फिरत. त्यांच्या हाताला कधी काही चिकटलं नाही, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे. आणि आता शहरातली पोरंटोरं वाचणार की साहेबांनी एका कैद्याचे बूट लांबवले.

"आणि बूट होते कुठे मुळात?" ते म्हणाले. "अनवाणी होता तो. मीच शिपायाला सांगितलं, पायाखाली काहीतरी टाका ह्याच्या, फरशी गार आहे."

दादांच्या हातातला खडू रिमला टेकला आणि टेकलेलाच राहिला. त्यांना आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं की बाकीच्यांनी ऐकलंच नाही.

आत्याने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि अगदी शिष्यासारखं विचारलं, "साहेब, माझ्या गोष्टीतला माणूस तर बूट घालून आला होता. हा अनवाणी आला तो कोण?"

साहेबांनी पानाकडे पाहिलं. पानावर मदत नव्हती. मी गोष्टीतल्याच माणसाबद्दल बोलतोय, असं त्यांनी सांगितलं.

"गोष्टीतल्या चौकीला फरशी नाही," आत्या म्हणाली. "लाकडी जमीन आहे. मी स्वतः ठोकलीय."

आत्याने त्या दोन पानांत खोट्या गोष्टी मूठभर पेरल्या होत्या. लाकडी जमीन, वरच्या मजल्यावरची खोली, भिंतीवरचं घड्याळ, बूट. साहेबांना कुठे घासेल ते तिला माहीत नव्हतं. घड्याळावर तिची भिस्त जास्त होती. माणूस मारल्याच्या आरोपाजवळून चाक सरळ निघून गेलं आणि चोरीच्या आरोपावर घासलं, याचं तिलाही नवल वाटलं. वहिनीने मात्र तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि बुटांचा राग तिथेच संपला.

वकिलाला सगळं एकदम कळलं आणि त्याचा उपयोग काहीच नाही हेही त्याच क्षणी कळलं. चहाच्या गप्पांत निघालेलं वाक्य, माफीचा कायदा, ऐंशी ओलांडलेला माणूस. पुरावा म्हणून याची किंमत शून्य. आणि जावयाच्या टेबलावरचा आपला कागद त्याला स्पष्ट दिसत होता. त्याने पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. मग त्याने विचारलं, "आयोगापुढे तुम्ही शपथेवर म्हणालात की तो चौकीत आलाच नाही. मग त्याच्या पायाखाली काय टाकलंत, साहेब?"

नोकरी गेली, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला भूक लागली.

साहेब उठले. त्यांनी पुस्तक काखेत घेतलं, या घरात बोलायची रीत नाही असं काहीतरी पुटपुटले आणि शटरकडे निघाले. दादा त्यांच्या वाटेत उभे राहणार होते, पण वहिनी म्हणाली, जाऊ द्या त्यांना.

वहिनीला खोटं बोलायला जमत नसे. दारावर आलेल्या माणसाला, घरी कोणी नाही, एवढं सांगायला लावलं तरी तिला उचकी लागे, आणि मुलं तिला मुद्दाम सांगायला लावत. त्यामुळे ती पुढे जे बोलली ते ऐकून दादांना तिची शुद्ध हरपल्यासारखं वाटलं.

"भित्राच होता तो," ती साहेबांच्या पाठीला म्हणाली. सपाट आवाजात, कपबशी आवरत. "तुम्हाला काही त्रासच पडला नसेल. पहिल्या थपडेत सगळ्यांची नावं दिली असतील."

उचकी लागली नाही.

साहेब शटरखाली अर्धे वाकलेले होते. ते सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण होतं. एखाद्या वाकबगार कारागिराला कोणी म्हणावं की हे काम तर यंत्राने केलंय, तसं.

"नावं?" ते म्हणाले. "बाई, नावं माझ्याकडे आठ दिवस आधीपासून होती. माझी माणसं त्यांच्यात नेमलेली होती. सायकलवाल्याच्या तोंडाकडे बघत बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. त्याच्याकडून फक्त सही हवी होती. तीही दिली नाही. स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही त्यानं. इतका आडमुठा माणूस मी नोकरीत पाहिला नाही. डॉक्टर वेळेवर आले असते तर..."

इथे ते थांबले. आपण किती लांब आलो हे बहुधा त्यांना तेव्हाच दिसलं. ते घाईने वाकले, बाहेर पडले, आणि त्यांच्या कोटाची मागची पट्टी शटरच्या आकड्यात अडकली. रस्त्यात उभं राहून ते पाठीमागे हात घालून ओढत होते, सुटत नव्हतं, आणि पलीकडच्या फुटपाथवरची माणसं पाहत होती. शेवटी आत्या उठली, मागे अडकलंय हो साहेब, म्हणाली आणि अलगद सोडवून दिलं. या प्रसंगावर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून तिने तो कुठल्याच पुस्तकात घातला नाही.

आत वकिलाने माफीचा मसुदा उलटा करून त्याच्या पाठीवर साहेबांची वाक्यं लिहायला घेतली, जशीच्या तशी, आणि दोन ओळींनंतर थांबून म्हणाला की याने काही होणार नाही, आत्या. उद्या ते नाही म्हणतील. ते घरी जेवतील, झोपतील, पेन्शन घेतील.

"घेऊ दे," आत्या म्हणाली. "कोर्टात त्याला गप्प बसायचा हक्क होता. गोष्टीपुढे गप्प बसवलं नाही त्याला."

दादा मोरीपाशी गेले होते. हातांवरचं ग्रीस त्यांनी आधी रॉकेलने काढलं, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. कोणाच्या लग्नाला निघालेत असं वाटावं इतके स्वच्छ. त्यांनी फडक्याला हात पुसले, आणि भावजयीशी बोलताना ते नेहमी दुसऱ्याच कोणाकडे तरी पाहून बोलत, तसे आज बोलले नाहीत.

"नाव सांगितलं नाही त्यानं," ते थेट तिला म्हणाले. "स्वतःचंसुद्धा."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली.

मग दादा शटरखालून बाहेर गेले. आतल्या तिघांना त्यांचे पाय रस्ता ओलांडताना दिसले. मोटार आली, पाय थांबले, पुन्हा निघाले. समोर बाइंडर आपल्या पायरीवर पुठ्ठे वाळत घालत होता. दादा त्याच्यासमोर उभे राहून बराच वेळ बोलले. एवढ्या अंतरावरून काही ऐकू येत नव्हतं. बाइंडरने मध्येच पुठ्ठे खाली ठेवले. मग तो दुकानात गेला, आणि वकिलाला वाटलं की आता दार लावून घेणार. तो एक स्टूल घेऊन बाहेर आला, फडक्याने पुसलं आणि दादांच्या मागे ठेवलं. दादा बसले. बाइंडर पायरीवर बसला. दोघंही रस्त्याकडे पाहत राहिले.

वहिनीने शटरखालून तेवढं पाहिलं आणि ती बाकावर आत्याच्या शेजारी येऊन बसली. एवढी वर्षं तिला कोणी विधवा म्हणालं नव्हतं की कोणी सवाष्ण म्हणालं नव्हतं. तो गेला, हे आज तिला कळलं होतं. तो कसा गेला तेही. आता एकच राहिलं होतं, आणि ते तिने आत्याला विचारलं. मग त्याला नेलं कुठे?

आत्याला माहीत नव्हतं. साहेब पुन्हा येणार नाहीत. दोघींनी मिळून ते सगळं बाजूला ठेवलं आणि उरलेल्या शब्दाकडे पाहिलं. डॉक्टर.

डॉक्टर होते अजून. टेकडीवरच्या बंगल्यात. पोलिसांचे डॉक्टर म्हणून त्यांनी जन्म काढला होता आणि शहराला ते एकाच गोष्टीसाठी माहीत होते. आपल्याला आयुष्यात कधी, कुठे, मिनिटाचाही उशीर झाला नाही, हे ते लग्नात सांगत, वाढदिवसाला सांगत आणि दुसऱ्यांच्या अंत्ययात्रेतही सांगत. आत्या सांगू लागली की डॉक्टरांच्या घरी कोंबडा आरवायच्या आधी डॉक्टरांना विचारून घेतो. दादा तिथे नव्हते म्हणून कोणी ते दुरुस्त केलं नाही.

वहिनीला हसू आलं. तिने बाकावरची आत्याची लेखणी उचलून तिच्या हातात दिली.

"लिहा, वन्सं," ती म्हणाली. "डॉक्टरला उशीर होऊ दे. वाटेत जीप बंद पाडा, जेवत बसला होता म्हणा, झोपला होता म्हणा. गोष्टीत चांगला उशिरा आणा त्याला."

"आणि मग?"

"मग आपल्याकडे येईल तो वेळेवर."